जुन्या संगणकाची हरवलेली फ्लॉपी

या वेळच्या टपालात जुने संगणक पुन्हा सुरू करू पाहणाऱ्या वाचकांची पत्रे अधिक आहेत. जवळजवळ प्रत्येकाने ‘इन्स्टॉलेशन डिस्क कुठे मिळेल’ एवढेच विचारले आहे. पत्रे नीट वाचली, तेव्हा बहुतेकांची खरी अडचण थोडी अलीकडची किंवा पलीकडची निघाली, म्हणून उत्तरे काहीशी विस्ताराने देत आहे.

प्रश्न : माझ्या काकांचा आयबीएम पीएस/२ मॉडेल ७० हा संगणक माझ्याकडे आला आहे. सुरू केल्यावर मेमरी मोजली जाते, नंतर पडद्यावर १६१ आणि १६३ हे आकडे येतात आणि सारे थांबते. एमएस-डॉस ६.२२ या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या तीन फ्लॉपी मी मिळवल्या आहेत, पण त्यांचा उपयोग होत नाही. कोणतीही कळ दाबली तरी सेटअपचा पडदाही उघडत नाही. फ्लॉपी खराब निघाल्या असाव्यात का?

उत्तर : फ्लॉपी बहुधा उत्तम असतील, मात्र जी नंतर लागणार होती ती आपण आधी शोधली आहे. १६१ म्हणजे आतली बॅटरी संपली आणि १६३ म्हणजे तारीख-वेळ हरवली. आज कोणत्याही पीसीत सेटअपचा कार्यक्रम मदरबोर्डवरील चिपमध्येच असतो, त्यामुळे सुरुवातीला एखादी कळ दाबली की तो उघडतो. १९८७ मध्ये आयबीएमने पीएस/२ मालिका आणली, तेव्हा मायक्रो चॅनेल ही कार्डे जोडण्याची आयबीएमची पद्धत असलेल्या मॉडेलांसाठी हा कार्यक्रम चिपमध्ये न ठेवता ‘रेफरन्स डिस्क’ नावाच्या स्वतंत्र फ्लॉपीवर दिला. बॅटरी मेली की संगणक आपल्याला कोणती हार्ड डिस्क आणि कोणती कार्डे जोडली आहेत हे विसरतो, आणि ते त्याला पुन्हा सांगण्याचा मार्ग त्या फ्लॉपीतूनच जातो. डॉसच्या कितीही चांगल्या फ्लॉपी असल्या तरी हे काम त्यांच्याकडून होत नाही.

म्हणून आधी बॅटरी बदलावी, नाहीतर संगणक बंद केला की सारी नोंद पुन्हा पुसली जाईल. त्यानंतर रेफरन्स डिस्क शोधावी, आणि शोधताना मॉडेलचा क्रमांक काटेकोरपणे पाहावा, कारण ही फ्लॉपी सर्व पीएस/२ संगणकांना सारखी नाही. आपल्याला ७० आणि ८० या मॉडेलांसाठीची हवी आहे. ती संगणकासोबतच्या पुस्तिकेबरोबर दिलेली असे, तेव्हा काकांची कागदपत्रे कुणी टाकून देण्याआधी एकदा चाळून घ्यावीत. तिथे ती सापडली नाही, तर इंटरनेट आर्काइव्हसारख्या संग्रहांत आणि पीएस/२ चे जतन करणाऱ्यांच्या संग्रहांत तिच्या इमेज, म्हणजे सबंध फ्लॉपीची हुबेहूब प्रत असलेल्या फाइल, मिळतात.

फ्लॉपी मिळाली की पहिले काम तिची प्रत करणे हे आहे, आणि ते केवळ सावधगिरीसाठी नव्हे. संगणकात बसवलेल्या प्रत्येक मायक्रो चॅनेल कार्डासाठी एडीएफ नावाची वर्णनफाइल लागते, आणि त्या कार्डाची फाइल रेफरन्स डिस्कवर आधीपासून नसेल, तर कार्डासोबतच्या फ्लॉपीवरून ती या प्रतीवर उतरवून घ्यावी लागते. या फाइलचे नाव ‘ॲट’ चिन्ह आणि त्यापुढे कार्डाचा चार अक्षरांचा ओळखक्रमांक असे असते, त्यामुळे शोध घेताना कार्डाच्या नावापेक्षा हा क्रमांक हाती असलेला बरा. काही अनोळखी कार्डे बसवलेली दिसली, तर सुरुवातीला ती काढून ठेवावीत आणि संगणक एकदा चालू झाला की एकेक करून परत लावावीत.

अशी व्यवस्था आयबीएमचीच होती असे नाही. कॉम्पॅकच्या अनेक जुन्या संगणकांत सेटअपचा कार्यक्रम हार्ड डिस्कवरच्या एका वेगळ्या छोट्या भागात असे आणि एफ १० ही कळ दाबल्यावर तो उघडे. उत्साहाच्या भरात कुणी सारी डिस्क कोरी केली, की सेटअपही तिच्याबरोबर गेला. हे इथे मुद्दाम सांगतो, कारण जुना संगणक हाती येताच ‘आधी फॉरमॅट करून टाकू’ ही जी ऊर्मी अनेकांना येते, तिच्याइतके नुकसान फ्लॉपीवरच्या बुरशीनेही होत नसेल. हार्ड डिस्क चालत असेल तर तिची संपूर्ण इमेज आधी काढून ठेवावी. विंडोज ९५ किंवा ९८ विक्रीपूर्वीच बसवलेल्या पुष्कळ संगणकांत तर विंडोज फोल्डरातील ‘ऑप्शन्स’ आणि त्यातील ‘कॅब्स’ या फोल्डरात इन्स्टॉलेशनच्या सगळ्या फाइल ठेवलेल्या असत. ज्या डिस्कसाठी आपण वणवण करतो, ती कधी कधी यंत्राच्या पोटातच असते.

प्रश्न : विंडोज ९५ च्या १३ फ्लॉपींच्या इमेज मला मिळाल्या. यूएसबीवर चालणाऱ्या फ्लॉपी ड्राइव्हने पहिली नीट लिहिली गेली, पण दुसरीपासून ‘जागा अपुरी आहे’ असा संदेश येतो. फ्लॉपी नव्या, न वापरलेल्या आहेत. चूक कोठे होते आहे?

उत्तर : चूक आपली नाही. त्या इमेजचा आकार बाइटमध्ये पाहावा. पहिली १४,७४,५६० बाइटची असेल आणि बाकीच्या १७,२०,३२० बाइटच्या. आपण ज्याला १.४४ एमबी म्हणतो, त्या फ्लॉपीच्या प्रत्येक बाजूला ८० ट्रॅक, म्हणजे वर्तुळाकार पट्टे, असतात आणि प्रत्येक ट्रॅकवर ५१२ बाइटचे १८ सेक्टर, म्हणजे तुकडे, असतात. मायक्रोसॉफ्टने विंडोज ९५ साठी डीएमएफ नावाची मांडणी वापरली आणि त्याच चकतीवर प्रत्येक ट्रॅकवर १८ ऐवजी २१ सेक्टर बसवले. त्यामुळे फ्लॉपींची संख्या घटली आणि घरी प्रती काढणेही अवघड झाले. पहिली फ्लॉपी तेवढी साध्या मांडणीत ठेवली गेली.

यूएसबीचे फ्लॉपी ड्राइव्ह बहुतेक वेळा १.४४ एमबी आणि ७२० केबी या ठरलेल्या मांडण्याच जाणतात, म्हणून तिथे अडले. मदरबोर्डवर खरा फ्लॉपी कंट्रोलर (ड्राइव्ह चालवणारी चिप) असलेला एखादा जुना संगणक मिळाला, तर तेथे विनइमेजसारख्या प्रोग्रामने किंवा लिनक्सवर आधी २१ सेक्टरांचे फॉरमॅटिंग करून या इमेज लिहिता येतात. दुसरा उपाय गोटेक नावाच्या फ्लॉपी-इम्युलेटरचा आहे. तो फ्लॉपी ड्राइव्हच्याच जागी आणि त्याच केबलवर बसतो आणि पेनड्राइव्हवरील इमेज संगणकाला खऱ्या फ्लॉपीसारख्या दाखवतो. त्यात फ्लॅशफ्लॉपी हे फर्मवेअर (उपकरणाच्या आतले सॉफ्टवेअर) घातले की तो बराच समजूतदार होतो.

मी स्वतः मात्र १३ फ्लॉपींच्या फंदात पडणार नाही. संगणकाला सीडी ड्राइव्ह असेल, तर डॉसच्या बूट फ्लॉपीने, म्हणजे संगणक सुरू करून देणाऱ्या फ्लॉपीने, सुरुवात करावी, सीडीचा ड्रायव्हर आणि डॉसला सीडी वाचू देणारा एमएससीडीईएक्स हा प्रोग्राम चालू करावा, सीडीवरचा ‘विन९५’ हा फोल्डर हार्ड डिस्कवर उतरवावा आणि सेटअप तेथूनच चालवावा. बूट फ्लॉपी का, तर दुकानात विकली गेलेली विंडोज ९५ ची सीडी स्वतःहून बूट होत नाही. बूट फ्लॉपी विंडोज ९८ ची घेतली तर तिच्यावर बऱ्याच सीडी ड्राइव्हना चालणारे ड्रायव्हर आधीच असतात. या पद्धतीचा फायदा पुढे कळतो, कारण एखादा ड्रायव्हर टाकताना विंडोज पुन्हा मूळ डिस्क मागते आणि त्या वेळी फाइल हाताशी असतात. हार्ड डिस्कचे विभाग पाडताना तेवढे लक्षात ठेवावे की विंडोज ९५ ची पहिली आवृत्ती डिस्कवर फाइल मांडण्याची फक्त एफएटी१६ ही पद्धत जाणते आणि त्यात एका विभागाची मर्यादा २ जीबी आहे.

इमेजच्या आकाराची ही तपासणी सगळ्यांनीच अंगवळणी पाडावी. साध्या इमेजचा आकार ३,६८,६४० बाइट असेल तर ती सव्वापाच इंची ३६० केबीची, ७,३७,२८० असेल तर साडेतीन इंची ७२० केबीची आणि १२,२८,८०० असेल तर सव्वापाच इंची १.२ एमबीची असते. आकार यांपैकी कोणताच नसेल आणि वर सांगितलेला १४,७४,५६० ही नसेल, तर ती डीएमएफसारख्या वेगळ्या मांडणीची आहे, टेलिडिस्क किंवा इमेजडिस्कसारख्या प्रोग्रामने स्वतःच्या पद्धतीने साठवलेली आहे, किंवा अर्धवट उतरलेली आहे. आणखी एक गोष्ट पुष्कळ पत्रांतून दिसते. काही वाचक इमेजची फाइल नेहमीच्या फाइलसारखी फ्लॉपीवर ‘कॉपी’ करू पाहतात. फॉरमॅट केलेल्या १.४४ एमबी फ्लॉपीवर फाइलसाठी १४,५७,६६४ बाइटच उरतात, त्यामुळे पूर्ण आकाराची इमेज तिच्यावर मावतच नाही. इमेज सेक्टरवार लिहावी लागते, आणि त्यासाठी रॉराइट, विनइमेज किंवा लिनक्सवरील डीडी ही साधने आहेत.

प्रश्न : कपाटात ॲपल टू संगणकाच्या सव्वापाच इंची मूळ फ्लॉपी सापडल्या. काहींवर पांढरे डाग आहेत. पीसीला १.२ एमबीचा ड्राइव्ह जोडून त्या वाचता येतील का?

उत्तर : डाग असलेली फ्लॉपी कोणत्याही ड्राइव्हमध्ये घालू नये, ही पहिली विनंती. पांढरे डाग बहुधा बुरशीचे असतात. अशी फ्लॉपी फिरवली की बुरशी ड्राइव्हच्या वाचणाऱ्या हेडवर चिकटते, चकतीवर ओरखडा उठतो आणि तेच हेड पुढच्या निरोगी फ्लॉपीलाही खरवडते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर केलेल्या मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने चकती वेष्टनाच्या खिडकीतून थोडी थोडी फिरवत हलक्या हाताने पुसता येते. कापडावर तपकिरी रंग उतरू लागला तर तत्काळ थांबावे, कारण तो माहिती धरून ठेवणारा ऑक्साइडचा थर आहे. प्रत्येक फ्लॉपीनंतर हेडही साफ करावे.

आता वाचनाविषयी. नुसता ड्राइव्ह जोडून चालणार नाही, कारण ॲपल टूच्या १४० केबीच्या फ्लॉपीवर जीसीआर या वेगळ्या सांकेतिक पद्धतीने लिहिलेले असते आणि पीसीच्या फ्लॉपी कंट्रोलरला ती पद्धत समजत नाही. ड्राइव्ह तोच ठेवून मध्ये ग्रीझवीझल किंवा क्रायोफ्लक्ससारखा बोर्ड घातला, तर काम होते. हे बोर्ड सेक्टरचा अर्थ लावत बसत नाहीत. हेडखालून चुंबकीय बदल किती किती वेळाने गेले एवढेच ते टिपतात, आणि अर्थ नंतर सॉफ्टवेअर लावते. डाग पडलेल्या फ्लॉपीसाठी मी हाच मार्ग सुचवीन, कारण ती किती वेळा फिरू देईल याची खात्री नसते आणि पहिल्याच फेरीत शक्य तेवढे टिपून घेतलेले बरे. वाचण्याआधी कडेची खाच चिकटपट्टीने झाकून लेखन बंद करावे. साडेतीन इंची फ्लॉपीत नेमके उलट असते, तिथे छिद्र उघडे ठेवले की लेखन बंद होते, आणि या उलटसुलटपणात भल्याभल्यांची गफलत झालेली आहे.

एकही फ्लॉपी वाचली गेली नाही, तरी संगणक चालू असल्यास निराश होऊ नये. एडीटीप्रो हा प्रोग्राम आजच्या संगणकावर चालवून ॲपल टूला सिरियल केबलने, किंवा कॅसेटच्या जागेतून चक्क आवाजाच्या रूपात, माहिती पाठवता येते आणि तिथल्या तिथे कोऱ्या फ्लॉपीवर चालू डिस्क तयार करता येते. कॅसेटची सोय ॲपल टू-सी आणि टू-जीएस या मॉडेलांत नाही, एवढे पाहून घ्यावे.

प्रश्न : इतक्या जुन्या सॉफ्टवेअरवर आता कुणाचा हक्क राहिलेला नसेल ना? माझ्या ३८६ संगणकासाठी एमएस-डॉस ६.२२ उतरवून घ्यावे असे मनात आहे.

उत्तर : विक्री थांबली म्हणजे हक्क संपला असे होत नाही. ‘ॲबंडनवेअर’ (वाऱ्यावर सोडलेले सॉफ्टवेअर) हा शौकिनांनी रूढ केलेला शब्द आहे, कायद्यातला वर्ग नव्हे. मायक्रोसॉफ्टने एमएस-डॉस १.२५ आणि २.० यांचा सोर्स कोड २०१८ मध्ये आणि ४.०० चा २०२४ मध्ये एमआयटी परवान्याखाली, म्हणजे कुणालाही वापरण्याची मोकळीक देऊन, खुला केला. १९९४ चे ६.२२ त्यात नाही. आपल्याकडे परवाना आणि मूळ फ्लॉपी असून त्या केवळ वाचल्या जात नसतील, तर आपली बाजू नैतिकदृष्ट्या भक्कम आहे, पण कायदा जागोजागी वेगळा असल्याने त्याहून अधिक हमी मी देऊ शकत नाही.

आपल्या पत्रावरून दिसते की आपल्याला जुने खेळ आणि एक लेखनाचा प्रोग्राम चालवायचा आहे. त्यासाठी एमएस-डॉसचा फ्रीडॉस हा मोफत पर्याय पुरेसा आहे. जिम हॉल यांनी हा प्रकल्प १९९४ मध्ये सुरू केला, त्याची १.४ ही आवृत्ती २०२५ मध्ये आली, ती मोफत उतरवता येते आणि तिच्यात फ्लॉपीवरून बसवण्याचा स्वतंत्र संचही आहे. विंडोज ३.१ चा ३८६ एनहान्स्ड मोड (३८६ प्रोसेसरच्या खास क्षमता वापरणारा प्रकार) तिच्यावर भरवशाने चालत नाही. तो हवा असेल तरच ६.२२ च्या मूळ, परवान्यासह मिळणाऱ्या फ्लॉपींचा शोध घ्यावा. जुन्या वस्तूंच्या विक्रीत त्या अधूनमधून येत असतात, आणि घेण्यापूर्वी विकणाऱ्याला तिन्ही फ्लॉपींची ‘डिर’ या आज्ञेने मिळणारी फाइलींची यादी पडद्यावर दाखवायला अवश्य सांगावे.