बोटाच्या थेंबावर थायरॉईड कळतो का?

प्रश्न : आईला सतत थकवा असतो, वजनही वाढतंय. घरी बोट टोचून करायचं थायरॉईडचं किट चालेल का? आम्ही रोज मासे खातो, तरी थायरॉईड होईल? (गुहागर)

उत्तर : मासे खाल्ल्याने आयोडीन मिळतं, पण हाशिमोटो आजारात शरीरच ग्रंथीवर हल्ला करतं, तिथे बांगड्याचा इलाज नाही.

बहुतेक किट टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं संप्रेरक; ग्रंथी मंदावली की ते वाढतं) ५ च्या वर आहे का, एवढंच सांगतात. अतिसक्रिय ग्रंथी त्यात सापडत नाही. पावसाळ्यात पाकीट आधीच फोडू नका, पट्टी दमट होते. हात कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करा, बोटाच्या कडेला टोचा, पहिला थेंब पुसून टाका. बोट पिळू नका. पेशींमधलं पाणी मिसळून रक्त पातळ होतं. निकाल पत्रकात दिलेल्या वेळेतच वाचा. ‘सी’ रेघ (चाचणी नीट झाल्याची खूण) नसेल तर चाचणी बाद.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर काही चाचण्यांत टीएसएच खोटं कमी दिसतं.

निकाल काहीही येवो, त्रास आहे म्हणजे शिरेतलं रक्त देऊन टीएसएच आणि फ्री टी४ (थायरॉईड ग्रंथीचं स्वतःचं संप्रेरक) तपासाच. गरोदरपणी किटच्या वाटेला जाऊच नये. थायरॉईडच्या गोळीचा डोसही किटवरून बदलू नका.