तुर्कस्तान आणि आर्मेनिया यांच्यात राजनैतिक संबंध पुन्हा सुरू होण्याची शक्यता किती आहे?

शक्यता बरीच आहे. गेल्या तीस वर्षांत एवढी कधीच नव्हती. फक्त ‘पुन्हा’ म्हणता येणार नाही, कारण ते संबंध कधी सुरूच झाले नव्हते. डिसेंबर १९९१ मध्ये तुर्कस्तानने आर्मेनियाच्या स्वातंत्र्याला मान्यता दिली, पण दूतावास काही उघडले नाहीत. एप्रिल १९९३ मध्ये आर्मेनियन फौजांनी अझरबैजानचा केल्बाजार जिल्हा घेतला, तेव्हा तुर्कस्तानने अझरबैजानला पाठिंबा म्हणून आर्मेनियाशी असलेली सीमाही बंद केली.

आपल्याकडे बहुतेकांना वाटतं, सगळं १९१५ च्या, म्हणजे ऑटोमन साम्राज्यात झालेल्या आर्मेनियन लोकांच्या हत्याकांडावर अडलंय. ती जखम खोल आहेच. बहुतांश इतिहासकार त्याला वंशसंहार म्हणतात, तुर्कस्तान आजही हा आरोप फेटाळतो. पण आर्मेनियाची गेल्या कित्येक वर्षांची भूमिका ‘आधी संबंध, तेही विनाअट’ अशीच आहे. खरी मेख बाकूत, म्हणजे अझरबैजानच्या राजधानीत आहे.

२००९ मध्ये हे लख्ख दिसलं. आधी फुटबॉल सामन्याच्या निमित्ताने तुर्कस्तानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अब्दुल्ला ग्युल आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानला जाऊन आले होते, मग ऑक्टोबरमध्ये झुरिचला दोन्ही परराष्ट्रमंत्र्यांनी करारांवर सह्या केल्या. ते लागू झाल्यावर दोन महिन्यांत सीमा उघडायची, असं त्यात लिहिलेलं होतं! अझरबैजान भडकला, तुर्कस्तानचे तेव्हाचे पंतप्रधान एर्दोआन यांनी काराबाखचा (अझरबैजानमधला आर्मेनियन वस्तीचा वादग्रस्त प्रदेश) प्रश्न सुटल्याशिवाय सीमा उघडणार नाही असं बजावलं आणि करार दोन्हीकडच्या संसदेत पडून राहिले. २०१८ मध्ये आर्मेनियाने ते रद्द केले.

काराबाखचा प्रश्न पुढे ‘सुटला’, तोही युद्धाने. २०२० मध्ये आर्मेनियाची हार झाली, सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानने उरलेला भागही घेतला आणि एक लाखाहून जास्त आर्मेनियन लोक काही दिवसांत घरदार सोडून निघाले. म्हणजे सीमा बंद करण्याचं मूळ कारणच उरलं नाही. तरी ती बंदच आहे.

कारण आता अझरबैजानचे अध्यक्ष अलियेव यांची नवी अट आहे: आर्मेनियाने राज्यघटना बदलावी. घटनेच्या प्रास्ताविकात स्वातंत्र्याच्या घोषणापत्राचा उल्लेख आहे आणि त्या घोषणापत्रात काराबाखच्या आर्मेनियातल्या विलीनीकरणाचा. ऑगस्ट २०२५ मध्ये वॉशिंग्टनला आर्मेनिया-अझरबैजान शांतता कराराच्या मसुद्यावर आद्याक्षऱ्या झाल्या, अंतिम सही याच अटीपायी लांबली. अंकारा, म्हणजे तुर्कस्तानचं सरकार, त्या सहीची वाट बघत बसलंय.

मधल्या काळात बारीकसारीक गोष्टी मात्र झाल्या. २०२१ अखेर दोन्ही देशांनी विशेष दूत नेमले, इस्तंबूल-येरेवान विमानं सुरू झाली. फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपानंतर सीमेवरच्या मार्गारा पुलावरून आर्मेनियन मदतीचे ट्रक तुर्कस्तानात गेले, तीस वर्षांत पहिल्यांदा. तिसऱ्या देशाच्या नागरिकांसाठी सीमा उघडायचं २०२२ मध्येच ठरलंय, पण ते कागदावर आहे. तुर्की माल येरेवानच्या दुकानांत मिळतोच, फक्त जॉर्जियाचा वळसा घालून.

आर्मेनियाने आपलं पिनाक रॉकेट लाँचर घेतलंय (पुण्याच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेत विकसित झालेलं), तुर्कस्तान पाकिस्तानच्या बाजूने उभा राहतो, म्हणून आर्मेनियाने तुर्कस्तानशी वाकडंच राहावं असं इथे अनेकांना वाटतं. आर्मेनियाचे पंतप्रधान पाशिन्यान यांचा हिशोब वेगळा आहे. चारपैकी दोन शेजाऱ्यांच्या सीमा बंद ठेवून देश किती काळ चालवणार? त्यांच्या सरकारने पासपोर्टच्या शिक्क्यावरून अरारात पर्वताचं चित्रसुद्धा काढलं. हा पर्वत येरेवानमधून दिसतो, आर्मेनियाच्या राजमुद्रेवर आहे, पण आहे तुर्कस्तानात. विरोधक संतापले ते साहजिकच होतं.

हे लिहितोय २०२५ च्या अखेरीस. माझा अंदाज: आधी परदेशी प्रवाशांसाठी सीमा उघडेल, मग ग्युमरी (आर्मेनिया)-कार्स (तुर्कस्तान) रेल्वे, दूतावास सगळ्यात शेवटी. जून २०२६ च्या निवडणुकीत पाशिन्यान हरले तर हे सगळं लांबणीवर पडेल. जिंकले तर घटनेवरच्या सार्वमताची तारीख कधी ठरते, तेवढं बघत राहा.