पास्ता ए फाजोली पातळ का होतो? पास्ता वेगळा उकडून घालावा का?

पास्ता ए फाजोली म्हणजे घेवड्याचे दाणे आणि पास्ता यांचं दाटसर इटालियन सूप. तुम्ही लिहिलंय की ताजे बोर्लोत्ती (राजम्यासारखे ठिपकेदार) दाणे छान शिजले, पास्ता वेगळा उकडून त्यात घातला, तरी रस्सा एकीकडे आणि पास्ता दुसरीकडे असं झालं. गोम त्या वेगळ्या उकडण्यातच आहे. पास्ता दाण्यांच्याच पाण्यात शिजायला हवा. चाळणीतून जे पाणी तुम्ही सिंकमध्ये ओतलंत, त्यातच दाटपणा होता.

मी इटलीत, पादोवात राहते. इथे, म्हणजे व्हेनेतो भागात, याला 'पास्ता ए फासोई' म्हणतात. मी हे शेजारच्या आजींच्या ओट्यापाशी उभी राहून शिकले. उन्हाळा सरत आला की बाजारात बोर्लोत्तीच्या शेंगा येतात. फिकट सालीवर गुलाबी-लाल शिंतोडे, आत दाण्यांवरही तसेच. शिजले की ते शिंतोडे जातात आणि दाणे तपकिरी होतात, तेव्हा काही बिघडलं असं समजू नका.

चौघांसाठी किलोभर शेंगा घ्या, सोलून चारशे-पाचशे ग्रॅम दाणे निघतात. ताजे असल्यामुळे भिजवायचे नाहीत. कांदा, गाजर, सेलरी अगदी बारीक चिरून ऑलिव्ह तेलात मंद आचेवर दहा मिनिटं परता. लाल होऊ देऊ नका. खात असाल तर थोडं पांचेत्ता (खारवलेलं डुकराचं मांस) घाला. मग दाणे, दीड लिटर पाणी, रोझमेरीची एक काडी आणि पार्मेजान चीजची कडक साल, बाहेरून खरवडून. आजी ती साल कधीच टाकत नाहीत; शेवटी ती मऊ, चिवट होते, तिचे तुकडे करून त्या मुलांना देतात. पहिली दहा मिनिटं खळाखळा उकळू द्या, कारण कच्च्या दाण्यातल्या लेक्टिन नावाच्या प्रथिनामुळे पोट बिघडतं. पुढे मंद आचेवर पाऊण तास. दाणा बोटांत सहज चिरडला पाहिजे.

आता मुख्य काम. रोझमेरी आणि साल बाहेर काढा. निम्मे दाणे उपसून पुरणयंत्रातून काढा आणि परत भांड्यात घाला. मिक्सरपेक्षा पुरणयंत्र बरं, कारण सालपटं मागे राहतात. मीठ घाला, उकळी आणा, दीडशे ग्रॅम दितालीनी (छोट्या नळ्यांचा पास्ता) सोडा आणि ढवळत राहा. हे तळाला फार पटकन लागतं. पास्ता किंचित कच्चा असतानाच गॅस बंद करून दहा मिनिटं झाकून ठेवा. वरून कच्चं ऑलिव्ह तेल आणि मिरपूड.

भारतात असाल तर साताऱ्यातल्या कोरेगावकडचा वाघ्या घेवडा वापरून बघा. राजमा, बोर्लोत्ती आणि तो, तिन्ही एकाच जातीचे. सुका असेल तर रात्रभर भिजवा, ते पाणी टाका आणि शिजायला जास्त वेळ धरा.

उरलं तर सकाळपर्यंत घट्ट गोळा होईल. गरम करताना थोडं कढत पाणी घाला, दूध किंवा क्रीम नको.