वधू-वर पुस्तिकेतले ई-मेल पत्ते बॉटपासून कसे वाचवायचे?

तुमचा प्रश्न असा, की इंदूरमधल्या तुमच्या मंडळाने वधू-वर मेळाव्याची पुस्तिका संकेतस्थळावर टाकली आणि तेव्हापासून पालकांच्या ई-मेलवर लॉटरी, कर्ज, औषधं असल्या मेलचा भडिमार सुरू आहे. पत्त्यातलं '@' काढून 'ॲट' लिहिलं तर हे थांबेल का?

नाही थांबणार. ती युक्ती फार जुनी झाली, बॉट, म्हणजे आपोआप पानं चाळणारे प्रोग्राम, 'ॲट' आणि 'डॉट' दोन्ही ओळखतात. मीही इथेच, इंदुरात, एका मराठी संस्थेचं संकेतस्थळ सांभाळतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पत्ते वेचणारा बॉट माणसासारखं पान वाचत नाही. तो पानाचा कच्चा मजकूर उचलतो आणि अक्षरं, मग '@', मग टिंब असा साचा शोधतो. पान संपलं की त्यावरच्या दुव्यांवरून पुढे जातो. तुमच्या पुस्तिकेची पीडीएफ फाइल हा असाच एक दुवा. ती संगणकावर उघडा आणि एखाद्या बायोडाटाच्या शेवटच्या 'संपर्क' ओळीवरून माउस ओढा. अक्षरं निळी झाली, म्हणजे ती कॉपी होतात, तर बॉटलाही ती वाचता येतात. पानावर कितीही बंदोबस्त करा, पीडीएफ उघडीच राहते, आणि बहुतेक मंडळांचं तिकडे लक्षच नसतं.

संकेतस्थळाच्या 'रोबोट्स' नावाच्या फाइलमध्ये बॉटना मनाई लिहा, असंही कुणी सुचवेल. १९९४ पासून चालत आलेला तो संकेत आहे, पण पाळायचा की नाही हे बॉटच्या मर्जीवर. गूगल पाळतं, पत्ते चोरणारा कशाला पाळेल? पत्त्याचं चित्र करून टाकणंही मला पटत नाही. ज्यांना दिसत नाही आणि जे स्क्रीन रीडर, म्हणजे मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम, वापरतात, त्यांच्यासाठी तो पत्ता नाहीसाच होतो.

खरा उपाय म्हणजे पत्ता तिथे ठेवायचाच नाही. पुस्तिकेत फक्त नोंदणी क्रमांक द्या. ज्यांना स्थळ आवडेल ते संकेतस्थळावरच्या फॉर्ममध्ये तो क्रमांक आणि निरोप लिहितील. तो निरोप संकेतस्थळाच्या सर्व्हरवरून मेलने त्या घरी जाईल, पत्ता पानात कुठेच येणार नाही. फॉर्ममध्ये माणसाला न दिसणारा एक रिकामा रकाना ठेवायला सांगा. बॉट सहसा सापडेल तो रकाना भरतो. तो भरलेला आला की निरोप टाकून द्यायचा. आपण बॉट नाही हे दाखवायला आजी-आजोबांना वेडीवाकडी अक्षरं ओळखत बसायला नको, म्हणून मला हा मार्ग जास्त आवडतो.

आता जुन्या फाइलचं. नुसता दुवा काढून भागत नाही, सर्व्हरवरून फाइलच पुसा. मग सर्च कन्सोल या संकेतस्थळ चालवणाऱ्यांसाठीच्या गूगलच्या साधनातून ती शोधातून काढायची विनंती करा. ती विनंती साधारण सहा महिनेच टिकते, म्हणून फाइल पुसणं आधी. जुन्या पानांच्या प्रती साठवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हमध्ये प्रत आहे का तेही बघा. असेल तर त्यांना लिहून ती काढायला सांगता येते.

गेलेले पत्ते मात्र परत येत नाहीत. पालकांना सांगा, असल्या मेलमधलं 'अनसब्स्क्राइब' दाबू नका, त्यातली चित्रं आपोआप उघडू देऊ नका. या दोन्हींतून पत्ता चालू असल्याचं समोरच्याला कळतं. मेल नुसता डिलीट करण्यापेक्षा 'स्पॅम' म्हणून नोंदवा.

मला काळजी जाहिरातींची नाही. त्या पुस्तिकेत मुलीचं नाव, जन्मतारीख, नोकरी, वडिलांचा मोबाइल सगळं एकाच पानावर आहे. एवढ्या माहितीवर कुणीही 'स्थळाकडून बोलतोय' म्हणून फोन करू शकतो आणि ऐकणाऱ्याला ते खरं वाटतं. म्हणून पुस्तिकेत नाव असलेल्या प्रत्येक घरी मंडळाने स्वतः फोन करून हे सांगावं. कुणाचे पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायला सांगा.