मुलगा तबल्यावर चुकला की रडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगा नऊ वर्षांचा आहे, दीड वर्ष तबला शिकतोय, एक बोल चुकला की हात काढून घेतो, पुन्हा पहिल्या 'धा'पासून सुरू करतो आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला रडू फुटतं.

आधी ही 'पहिल्यापासून'ची सवय मोडा. तिच्यामुळे पहिली ओळ वीसदा वाजते, अडणारी जागा जेमतेम दोनदा, आणि हाताला वळण लागतं ते थांबण्याचं. साथीला बसल्यावर गाणारा थांबत नाही, लेहराही (तालासोबत पुन्हा पुन्हा वाजणारी धून) थांबत नाही. पण त्रितालात दर 16 मात्रांनी (ठोक्यांनी) सम, म्हणजे फेरीची पहिली मात्रा, येतेच. बोल निसटला तर मात्रा मोजत राहा आणि पुढच्या समेला 'धा' धर, एवढंच त्याला सांगा.

याचा खेळ करा. लेहरा मिनिटाला 60 मात्रांवर लावा. तो ठेका (तालाचे ठरलेले बोल) वाजवत असताना तुम्ही मधेच "सोड" म्हणा. त्याने वाजवणं सोडून टाळी-खाली (1, 5, 13 ला टाळी, 9 ला खाली, म्हणजे टाळी न देता हात नुसता बाजूला) दाखवत राहायचं आणि समेवर परत शिरायचं. पाच-सात आवर्तनं (16 मात्रांच्या फेऱ्या) पुरे. मग तुम्ही टाळी धरा, मुद्दाम चुका आणि त्याला पकडू द्या. हे त्याला फार आवडेल.

ठेक्यात मुलं हमखास अडकतात ती तेराव्या मात्रेला. तिथे टाळी आहे, पण बोल 'ता' आहे. टाळीच्या ओढीने डावा हात डग्ग्यावर (जोडीतल्या डाव्या, घुमणाऱ्या वाद्यावर) पडतो आणि 'धा' वाजतो. खरं तर दहाव्यापासून तेराव्यापर्यंत डग्ग्याचा घुमारा नको, तो चौदाव्याच्या 'धिं'ला परत यायला हवा. म्हणून 'धा तिं तिं ता, ता धिं धिं धा' एवढाच तुकडा 50 च्या लयीत घ्या, आधी पढंत (बोल तोंडाने म्हणणं), मग हात, आठ वेळा. शेवटी समेचा 'धा' जोडायला विसरू नका, नाहीतर तो तुकडा आवर्तनात बसत नाही. 'तिट' हा बोल फुटत असेल तर बहुधा बोटं फार वर उचलली जातात आणि मनगट ताठ होतं. तेव्हा जास्त वेळा वाजवून घेऊ नका, लय 10 ने उतरवा.

"वा, मस्त!" यातून त्याला काहीच कळत नाही. "आज चौदाव्याला डग्गा वेळेवर आला" असं सांगा. आणि एका बैठकीत दुरुस्ती एकच. बाकीच्या चुका दिसल्या तरी सोडून द्या. पालकांना हेच सगळ्यात जड जातं.

या वयाला रोज 20 मिनिटं रियाज भरपूर झाला. परीक्षेचा फॉर्म यंदा भरायचा की नाही ते गुरुजींना विचारा, पण रडणं चालू असताना भरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. सहा महिने तेच ठरलेले कायदे (बोलांच्या बांधलेल्या रचना) घोटले की चुकीची धास्ती वाढते.

पाहुण्यांपुढे "वाजवून दाखव" बंद करा. त्याऐवजी घरी आरती असेल तेव्हा त्याला केरवा (आठ मात्रांचा ताल) धरू द्या, 'धा गे ना ति, न क धि न'. तिथे टाळ-टाळ्यांच्या गजरात एखादा बोल गेला तरी कोणी थांबत नाही, आणि तोही थांबणार नाही.