काळी पाच, काळी चार

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज परवा रात्रीच वाचला. अंगठ्यानं टाइप करून उत्तर देण्यासारखा विषय नव्हता, म्हणून हे पत्र. चष्मा लावून निवांत वाच.

‘काका, थिअरी शिकू का, की तो वेळ रियाजात घालवू?’ असं तू विचारलंस आणि लगेच खाली किशोरकुमारचं नाव टाकलंस. म्हणजे उत्तर तू ठरवलेलंच होतंस, खाली सही तेवढी माझी हवी होती. ती मी करणार नाही.

किशोरकुमार रीतसर गाणं शिकले नव्हते, हे खरं. पण ते माइकसमोर उभे असायचे तेव्हा मागच्या व्हायोलिनवाल्यांपुढे काय असायचं? स्टँड, आणि त्यावर नोटेशनचे, म्हणजे लिहून ठेवलेल्या सुरांचे कागद. हिंदी सिनेमाच्या त्या वाद्यवृंदांत गोव्याहून आलेले कितीतरी वादक होते, लहानपणापासून नोटेशन वाचत आलेले. अँथनी गोन्साल्विस हे नाव तू सिनेमातल्या गाण्यामुळे ऐकलं असशील. ते खरोखरचे व्हायोलिनवादक, गोव्यातल्या माजोर्ड्याचे. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल त्यांच्याकडेच व्हायोलिन शिकले. एकानं न शिकता गायचं तर मागच्या सगळ्यांना शिकावं लागतं, असा तो हिशेब होता. आणि तू तर गिटार घेऊन बसतेस. आज रीलमध्ये एकटी आहेस, उद्या कुणाच्या तरी मागे बसशीलच.

पण थिअरीच्या बाजूनं बोलणाऱ्यांवरही माझा फारसा विश्वास नाही, कारण मी स्वतः त्यांच्यातलाच एक होतो. गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षा मी गाइड पाठ करून दिल्या. ‘भूप: वादी गंधार, संवादी धैवत. देसकार: वादी धैवत, संवादी गंधार.’ दोन ओळी, दोन मार्क. (वादी म्हणजे रागातला मुख्य सूर, संवादी त्याच्या खालोखालचा; गंधार म्हणजे ग, धैवत म्हणजे ध.) दोन्ही रागांचे सूर तेच पाच, सा रे ग प ध, पण भूप संध्याकाळचा आणि देसकार सकाळचा, हेही लिहिलं. पण कुणी देसकार गायला बसलं असतं तर मी खुशाल ‘वा, काय भूप आहे!’ म्हटलं असतं. पुढे माझ्या गुरुजींनी ठाण्यात नौपाड्यातल्या त्यांच्या खोलीत एका संध्याकाळी पेटीवर तेच पाच सूर वाजवले. गंधारावर येऊन थांबले, पुन्हा थांबले. मग वरच्या षड्जावरून, म्हणजे सा वरून, उतरून धैवतावर मुक्काम केला, दोनदा, तीनदा, आणि म्हणाले, ‘बघ, सकाळ झाली.’ खिडकीबाहेर दिवे लागले होते आणि खोलीत खरंच सकाळ झाली होती. वादी म्हणजे काय, ते मला सर्टिफिकेट मिळाल्यावर दोन वर्षांनी कळलं. तोवर माझ्याकडे नाव होतं, आवाज नव्हता.

शास्त्राचा क्रमही तसाच आहे, आधी गाणं आणि मग शास्त्र. भातखंडे मुंबईचे, वाळकेश्वरचे. पेशानं वकील. ते गावोगाव हिंडले, उस्तादांना ऐकलं, चिजा लिहून घेतल्या आणि मग तो सगळा पसारा दहा थाटांच्या, म्हणजे रागांच्या गटांच्या, खणांत लावला. पसारा आवरणाऱ्याला मधूनमधून मनाचं ठरवावंच लागतं. वरचेच दोन राग बघ. भूप ठेवलाय कल्याण थाटात आणि देसकार बिलावलात. या दोन थाटांत फरक फक्त मध्यमाचा, म्हणजे म चा, एकात तीव्र, दुसऱ्यात शुद्ध. आणि या दोन्ही रागांत मध्यमच नाही! मग ठरवलं कशावरून? चलनावरून, म्हणजे राग सुरांतून कसा चालतो त्यावरून, आणि कानावरून. गाइडमध्ये ही गंमत कुणी लिहीत नाही. माझ्या मते थिअरीचा पहिला तास इथूनच सुरू व्हायला हवा.

आता माझ्या फजितीची गोष्ट. सांगायची नव्हती, पण तिच्याशिवाय पत्र पुढे जाणार नाही.

मी बावीस-तेवीस वर्षांचा. तलावपाळीजवळ दिवाळी पहाटेचा कार्यक्रम, पेटीवर मी. गायिकाबाईंची पट्टी काळी पाच, म्हणजे पेटीवरची पाचवी काळी पट्टी हा त्यांचा सा. महिनाभर तालमी केल्या, बोटं डोळे मिटून पळत होती. पहाटे साडेपाचला बाई आल्या त्या घसा धरून. म्हणाल्या, ‘आज काळी चारनं गाऊ.’ तबलजीनं काही न बोलता हातोडी काढली आणि तबला उतरवायला घेतला. बासरीवाल्यानं बासऱ्यांच्या डब्यातून दुसरी बासरी उचलली. मी तसाच बसून राहिलो. माझी हार्मोनियम जुनी, स्केल चेंजर, म्हणजे पट्ट्या सरकवून सा बदलायची सोय, नसलेली. एकच पूर्ण स्वर खाली जायचं होतं, पण मला ती गाणी सुरांत येतच नव्हती, पट्ट्यांत येत होती. ही काळी, मग ही पांढरी, मग त्या दोन काळ्या. सा सरकल्याबरोबर सगळा नकाशा पुसला गेला. पहिली दोन गाणी मी नुसता सा-प धरून बसलो, तिसऱ्यात मध्यम चुकला. बाई काही बोलल्या नाहीत, मात्र पुढच्या वर्षी मला बोलावणं आलं नाही. बरोबरच होतं.

त्यानंतर मी प्रत्येक गाणं आधी सरगम म्हणून शिकायला लागलो आणि मगच बोटांवर घेतलं. थिअरी म्हणून मी जे काही खरं शिकलो, ते त्या भीतीतून.

तू म्हणशील, माझ्याकडे कॅपो आहे. आहे ना, पण तारा दाबून धरणारा तो चिमटा सूर वर नेतो, खाली नेत नाही. समज, तू कॅपोशिवाय सी मेजर, ए मायनर, एफ, जी अशी चक्री वाजवतेयस, आणि गाणारा म्हणाला, एक पूर्ण स्वर खाली घे. काय करशील? कॉर्डची नावं सोड आणि त्यांचे मूळ सूर सा पासून मोज: सा, ध, म, प. बस, गाणं एवढंच आहे. आता कॅपो तिसऱ्या फ्रेटवर लाव आणि जी मेजर, ई मायनर, सी, डी हे आकार धर. पुन्हा सा, ध, म, प, आणि बरोबर एक पूर्ण स्वर खाली. तुझ्या रील्समधली निम्मी गाणी या चार सुरांच्या अदलाबदलीवर उभी आहेत, हे तुझ्या लक्षात आलंय का? बहुतेक आलं असेल. फक्त त्याला नाव नव्हतं, म्हणून प्रत्येक गाणं नव्यानं पाठ करत बसलीस.

दुसरी गोष्ट तुझ्या तक्रारीची. तानपुऱ्याच्या ॲपवर गाताना गंधार छान लागतो आणि गिटारवर तोच गंधार ‘खाली’ वाटतो, असं तू मागे म्हणाली होतीस आणि दोष गळ्याला दिला होतास. गळ्याचा दोष नाही गं. तानपुऱ्याची खर्जाची, म्हणजे खालच्या सा ची, तार नीट जुळली की तिच्यातून आपोआप एक गंधार ऐकू येतो, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो षड्जाच्या सव्वापट, वरच्या सप्तकातला. कान त्याच्याशी जुळवून घेतो. गिटारच्या फ्रेट आणि पेटीच्या पट्ट्या मात्र सप्तकाचे बारा सारखे तुकडे करून बसवलेल्या असतात. एका तुकड्याला शंभर सेंट धरलं, तर तिथला गंधार ४०० सेंटवर येतो आणि स्वयंभू गंधार साधारण ३८६ वर. चौदा सेंटचा फरक चांगल्या कानाला टोचतोच. असल्याच तक्रारींमुळे आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दार बंद ठेवलं होतं. माझ्यासारख्या पेटीवाल्याला हे लिहिताना गुदगुल्या होत नाहीत, पण आहे ते आहे. पंचमात फरक जेमतेम दोन सेंटचा, म्हणून तो दोन्हीकडे गोड लागतो. तेव्हा आलाप घेशील तेव्हा गिटारवर सा-प एवढंच धर, गंधार गळ्यावर सोड. घरी करून बघ आणि मग सांग.

त्या महागड्या ऑनलाइन कोर्सचं म्हणशील, तर आत्ता नको. तू पाठवलेला अभ्यासक्रम मी पाहिला. पहिल्याच महिन्यात पंधरा स्केल्सची नावं आहेत आणि एकही गाणं नाही. हे माझ्या गाइडचंच धाकटं भावंड. शाळेत संगीत शिकवायचं मनात असेल, पदवी हवी असेल, तर गांधर्वच्या परीक्षा जरूर दे, कागद लागतोच. नाहीतर तूर्त एवढंच कर: तुला पाठ असलेलं एक साधं गाणं घे, आरती घेतलीस तरी चालेल, आणि वाद्याला हात न लावता त्याची सरगम वहीत लिही. चुकेल. पहिल्या आठवड्यात निम्मं चुकेल. मग गिटारवर तपास. एक झालं की दुसरं. हाताला मात्रा मोजायची सवय लाव, लोकलमध्येसुद्धा. रूपक ताल सात मात्रांचा आणि समेवरच, म्हणजे पहिल्या मात्रेवरच, खाली (टाळी नाही), तिथे सगळे घसरतात, तूही घसरशील. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, नंतर, कुणी पुढ्यात कागद ठेवील तेव्हा. हार्मनी त्याच्याही नंतर.

आणि रियाज कमी करू नकोस. रोजच्या तासातली पंधरा मिनिटं या वहीला दे, जास्त नाही. ठाण्यात राम मराठ्यांच्या नावानं संगीत महोत्सव होतो, त्याला जाऊन बस. मागच्या रांगेत, मोबाइल पिशवीत टाकून. राग कोणता ते शेजाऱ्याला विचारू नकोस. गवई कुठे थांबतोय, तेवढं ऐक.

येत्या रविवारी सकाळी दहाला घरी ये. वहीत एक तरी गाणं लिहिलेलं असू दे. मी पेटी काढून ठेवतो, जुनीच, स्केल चेंजर नसलेली. कॅपो आणू नकोस. काकू पोहे करणार आहे.

तुझा,
पेटीवाला काका