आजीचा फेवरेट कोण?

ताई, तुम्ही लिहिलंय की सासूबाई वडोदऱ्याहून व्हिडिओ कॉलवर धाकटीला "यू आर माय फेवरेट" म्हणतात आणि मोठा हल्ली कॉलवर यायलाच तयार नसतो. वाचून वाईट वाटलं, कारण हेच मी आमच्याकडे पाहिलंय. उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, भावाची मुलं अमेरिकेहून आली होती, इथे वडोदऱ्यातच दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवर सगळे जमलेलो, मी लाडात येऊन छोटीला माय फेवरेट म्हटलं आणि पतंगाची फिरकी धरून उभा असलेला नऊ वर्षांचा भाचा फिरकी खाली ठेवून, हातातली चिक्की तशीच ठेवून जिना उतरून गेला. तासाभराने म्हणाला, "आत्या, मग मी सेकंड का?"

आपल्याकडे लाडका म्हटलं की घरात चौघं लाडके असू शकतात, शेंडेफळ वेगळं, शेजारचे गुजराती लाडकवायो म्हणतात तेही तसंच. पण इंग्रजीत माय फेवरेट म्हणजे एकच, बाकीचे त्याच्या मागे, आणि तिकडे वाढलेलं मूल तसंच ऐकतं.

टीचर्स पेट पण कौतुकाने म्हणू नका, वर्गात मुलं ते चिडवायला वापरतात. ब्लू-आइड बॉय म्हणजे साहेबांच्या मर्जीतला, त्यात बोलणाऱ्याची जळजळ असते. ॲपल ऑफ माय आय मात्र मला फार आवडतो, जुन्या इंग्रजीत हे ॲपल म्हणजे डोळ्यातली बाहुलीच, १६११ च्या किंग जेम्स बायबलातही आहे. आपणही बाहुलीच म्हणतो ना, अगदी जवळून बघितलं की समोरच्याच्या बुबुळात आपलंच इवलंसं रूप दिसतं. सासूबाई भेटल्या की दोन्ही मुलांना त्यांच्या डोळ्यात बघायला लावा, ज्याचं त्याला आपलं रूप दिसेल.

सासूबाईंवर रागावू नका हो, नातवंडांना कळावं म्हणून त्या बिचाऱ्या इंग्रजी बोलतात. त्यांना सांगा, माझं सोनं म्हणा, माझ्या काळजाचा तुकडा म्हणा, मुलांना आवाजावरून सगळं कळतं. आणि एक फोन फक्त मोठ्याला करायला सांगा, धाकटी शेजारी नसताना.

मी दुसऱ्या दिवशी, वाशी उत्तरायणला, भाच्याला एकट्यालाच गच्चीवर नेलं. पतंग त्याने उडवला, फिरकी मी धरली.